खारुनचा पूल आणि मेंदूतली गाठ

रायपूर स्टेशनावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभं राहिलं की हातात एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट जपून धरलेलं एखादं माणूस दिसतंच. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर आणि मग थेट टाटा रुग्णालय. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांनाही ही वाट पाठ आहे. टाटीबंधला २०१२ साली एम्स सुरू झालं आणि अनेकांची ही धावपळ वाचली. पण त्या पाकिटातल्या अहवालावर ‘ग्लायोब्लास्टोमा’ असं लिहिलेलं असलं, तर गाव कुठलंही असो, डॉक्टरांचा आवाज हळू होतो.

चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींच्या कुळातली ही गाठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिची श्रेणी ४, म्हणजे सर्वांत वरची. तिच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत झाडाच्या मुळांसारख्या शिरतात. शल्यचिकित्सकाने कितीही कौशल्याने गाठ काढली तरी काही पेशी मागे राहतातच, आणि रक्तातून येणारी बहुतेक औषधं मेंदूच्या दारातच अडतात. आजही वापरात असलेली उपचारपद्धती २००५ मध्ये ठरली: शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. त्या अभ्यासात नुसत्या किरणोपचाराने रुग्णांचं मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, गोळ्यांमुळे ते १४.६ महिने झालं. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. ज्या घराने हे दुखणं पाहिलंय, त्याला या अडीच महिन्यांचं मोल विचारा.

नवी औषधं आली नाहीत असं नाही. या गाठींपैकी निम्म्याहून अधिकांत ‘ईजीएफआर’ नावाच्या प्रथिनाचा जनुक बिघडलेला असतो. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसून आत ‘वाढ, वाढ’ असा निरोप धाडतं. ते बंद करणाऱ्या गोळ्या फुप्फुसाच्या काही कर्करोगांत चालल्या, मेंदूत निष्प्रभ ठरल्या. का? एकेका प्रथिनाकडे सुटं पाहून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी सगळं जाळंच पसरून बघावं लागतं.

रायपूरकराला हे जाळं समजावणं सोपं आहे. जयस्तंभ चौकात चहूकडून रस्ते येतात. असा चौक म्हणजे पुष्कळ प्रथिनांशी हात जोडून असलेलं प्रथिन. कुम्हारीजवळच्या खारुनच्या पुलाला मात्र दोनच टोकं आहेत, तरी तो अडला की रायपूर आणि भिलाई-दुर्ग यांच्यातली वाहतूक तुंबते. जाळ्याचं गणित करणारे या दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजतात: कुणाला किती जोड आहेत आणि किती वाटा कुणावरून जातात. यीस्टच्या प्रथिनांवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जास्त जोड असलेलं प्रथिन काढलं तर पेशी मरण्याची शक्यता वाढते. हे ऐकून पटकन वाटतं, की मग चौकच बंद करा. पण निरोगी पेशीही त्याच चौकातून ये-जा करतात. जयस्तंभ बंद केला तर रुग्णवाहिकाही अडेल. म्हणून मला पुलांचा शोध जास्त मोलाचा वाटतो.

ईजीएफआरच्या अपयशाचा उलगडा बराचसा २००७ मध्ये झाला. अमेरिकेतल्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की या गाठीच्या पेशींत ईजीएफआरसारखे, पृष्ठभागावरून आत निरोप धाडणारे अनेक ‘ग्राहक’ (रिसेप्टर) एकाच वेळी चालू असतात. एक बंद केला तरी बाकीचे निरोप पोचवत राहतात, म्हणजे वाहतूक बाजूच्या गल्ल्यांतून सुरूच. २०२१ मध्ये ९९ रुग्णांच्या गाठींचे जनुक आणि प्रथिनं एकत्र तपासली गेली. प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का बसला की ते चालू-बंद होतं. ते शिक्केही मोजले. तेव्हा पीटीपीएन-११ आणि पीएलसीजी-१ ही दोन प्रथिनं पुढे आली. बिघडलेले ग्राहक वेगवेगळे असले तरी त्यांचे निरोप या खटक्यांपाशी एकत्र येताना दिसले. आमच्या भाषेत, खारुनचा पूल.

यातलं बरंच काम साध्या संगणकावर होऊ शकतं. ‘स्ट्रिंग’ हा प्रथिनांच्या जोडांचा साठा सर्वांना मोफत खुला आहे, जाळं रेखाटणारं ‘सायटोस्केप’ही. गाठीत वाढलेल्या प्रथिनांची यादी घालायची, की जाळं समोर येतं. पण पडद्यावरचं जाळं सुंदर दिसतं म्हणून ते खरं मानू नये. पी-५३ सारख्या प्रथिनावर हजारो शोधनिबंध आहेत, म्हणून त्याचे जोडही जास्त नोंदले गेलेत. ज्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही ते प्रथिन नकाशात एकटंच उभं दिसतं. म्हणून संगणकाने दाखवलेला पूल प्रयोगशाळेत, जिवंत पेशींत, अडवून पाहावाच लागतो.

अशा पेशी आणि असे नमुने आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस यांच्या गटाने मानवी गाठीपासून पेशींचं प्रारूप तयार करून, साध्या मूलपेशींच्या कर्करोगाच्या मूलपेशी कशा होतात, हे २००७ मध्ये दाखवलं. मुंबईच्या आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव यांचा गट टाटाचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. अलियासगर मोईयादी यांच्यासोबत ग्लायोमाच्या रुग्णांचे नमुने तपासत आला आहे, अगदी मेंदूभोवतीच्या द्रवातली प्रथिनंसुद्धा.

रायपुरात एम्स आणि एनआयटी दोन्ही एकाच जी. ई. रोडवर आहेत. एकीकडे शस्त्रक्रिया होते, दुसरीकडे जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं आहेत. छत्तीसगडच्या रुग्णांच्या गाठींचं जाळं इथेच वाचलं जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याची सुरुवात संगणकापाशी होणार नाही. गाठीचा रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांतच फॉस्फेटचे शिक्के बदलू लागतात, म्हणून काढलेला तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. आणि त्याच्याही आधी, बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला किंवा मुलाला कुणीतरी शेजारी बसून, छत्तीसगडीत, समजावून सांगावं लागतं, की संमतीच्या कागदावर ही सही कशासाठी हवी आहे.