जुन्या गोव्यातली लादी

सकाळी ७.४० : दिवाडीची फेरीबोट धक्क्याला लागते. पायी माणसाला तिकीट नाही, तेवढीच संग्रहालयात सफाई करणाऱ्या मावशींची बचत. हातात डबा, छत्री आणि पिशवीत कोरडी साडी. जुलै आहे. व्हाइसरॉयच्या कमानीखालून चढ चढायचा.

८.१५ : संत फ्रान्सिस आसिसीच्या चर्चला लागून जुना मठ आहे. फ्रान्सिस्कन पाद्री गोव्यात आले १५१७ मध्ये. त्यांच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. मावशींच्या लेखी ती लांबच लांब लादी. आधी केरसुणी, मग ओलं फडकं, मग कोरडं. पावसाळ्यात जांभ्याच्या भिंती ओल धरतात, लादी वाळता वाळत नाही.

९.०० : दार उघडतं. आत शिरताच पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कचा ब्राँझचा पुतळा उभा. पूर्वी हा बाहेर उघड्यावर असायचा.

११.१० : सहलीची बस येते. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, त्यामुळे मास्तर खुशीत. चाळीसेक रेनकोट एकदम ठिबकायला लागतात. मावशी बादली घेऊन मागोमाग. पोरं आल्बुकेर्कसमोर फोटो काढतात आणि वीरगळांपुढून पळत जातात. खरं तर थांबावं तिथंच. एका वीरगळावर समुद्रावरची लढाई आहे : जहाज, त्यात दाटीवाटीनं उभी माणसं. कदंबांच्या गोव्याची सत्ता दर्यावर होती, ती या हातभर दगडात दिसते. दगडाला ओलं फडकं लावायचं नाही, ही मावशींना ताकीद. खाचेतली धूळ फक्त मऊ ब्रशनं.

१.३० : डबा. भात, हुमण, लोणचं. चहा विकत, पंधरा रुपये. दोनदा घेतला तर तीस, म्हणून एकदाच.

२.१५ : वरचा मजला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ओळीनं टांगलेत. ही चित्रं करून घ्यायची रीत १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोनं पाडली. चित्रांना हात लावायचा नाही, खालची लादी तेवढी पुसायची. कुठला ओळखीचा वाटतो का, विचारलं. ‘‘सगळ्यांची दाढी सारखीच,’’ मावशी म्हणाल्या. कास्त्रोची मात्र खरोखरच बघण्यासारखी आहे.

४.४० : शेवटची फेरी. रखवालदार खिडक्या लावतो, मावशी बादली उपडी करून फडकी पिळतात. बोटांची कातडी पांढरी पडली आहे.

५.०० : दार बंद. आज गुरुवार. शुक्रवारी संग्रहालयाला सुट्टी. मावशींना नाही, दिवाडीत दोन घरची धुणीभांडी धरली आहेत.