कोसळलेले झाड कापण्यात धोका अधिक का?

चक्रीवादळ ओसरल्यानंतर शहरांसमोर पहिले आव्हान उभे राहते ते रस्त्यांवर आडव्या पडलेल्या झाडांचे. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ हे चक्रीवादळ चेन्नईजवळ किनारपट्टीवर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यामुळे शहर आणि परिसरातील हजारो वृक्ष उन्मळून पडले. वंडलूर येथील अरिग्नर अण्णा प्राणी उद्यानातही वृक्षांची मोठी हानी झाली. मार्ग मोकळे करण्याच्या कामी महापालिकेचे कर्मचारी, अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान यांना जुंपावे लागले. अशा प्रसंगी वाहतूक आणि वीजपुरवठा लवकर सुरू व्हावा, ही नागरिकांची अपेक्षा रास्त असते. मात्र झाड कापणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने घाई हाच मोठा शत्रू ठरतो.

वृक्षतोड हा जगातील अत्यंत धोकादायक व्यवसायांपैकी एक मानला जातो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२२ मधील आकडेवारीनुसार, तेथे दर एक लाख पूर्णवेळ लाकूडतोड कामगारांमागे सुमारे १०० जणांचा कामावर मृत्यू झाला. सर्व व्यवसायांची सरासरी मात्र चारपेक्षाही कमी होती.

उभे झाड तोडताना ते ज्या दिशेला पाडायचे, त्या बाजूने बुंध्यावर प्रथम पाचरीच्या आकाराची खाच घेतली जाते आणि त्यानंतर मागील बाजूने काप दिला जातो. या दोहोंमध्ये खोडाच्या व्यासाच्या सुमारे एकदशांश जाडीची लाकडाची पट्टी न कापता राखावी लागते. ही पट्टी बिजागरीप्रमाणे काम करून झाडाला ठरलेल्या दिशेने खाली आणते. ती पूर्ण कापली गेली, तर झाड कोणत्याही बाजूला कलंडू शकते. कललेल्या झाडावर खाच न घेता काप दिल्यास खोड उभे चिरत जाते आणि त्याचा मागील भाग जोराने उसळून कामगारावर आदळतो.

कोसळलेल्या झाडाचे गणित याहून अवघड असते. जमिनीवर, भिंतीवर किंवा वाहनावर टेकलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. त्यांची एक बाजू दाबाखाली, तर दुसरी ताणाखाली असते. दाबाची बाजू खोलवर कापल्यास करवत लाकडात अडकते, आणि ताणाची बाजू एका दमात कापल्यास फांदी उसळते. म्हणून दाबाच्या बाजूने उथळ काप घेऊन मग ताणाच्या बाजूने थोडे थोडे कापत जाणे, तसेच फांदी ज्या दिशेने उसळेल त्या बाजूला उभे न राहणे, हा मूलभूत नियम आहे.

उन्मळलेल्या झाडाच्या मुळांचा मातीसह वर आलेला गड्डा हा आणखी एक धोका होय. खोडाचा भार या गड्ड्याला तोलून धरत असतो. खोड कापून वेगळे होताच गड्डा अकस्मात खड्ड्यात परत बसू शकतो किंवा पुढे कोलमडू शकतो. त्यामुळे गड्ड्याला आधार दिल्याशिवाय काप घेऊ नये आणि खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये. फांद्यांत गुरफटलेल्या वीजवाहिन्यांचा प्रवाह खंडित झाल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यांकडून करून घेणेही अनिवार्य आहे.

यंत्रचलित साखळी करवतीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास ती क्षणार्धात कामगाराच्या दिशेने उलटते. साखळी थांबवणारा ब्रेक, शिरस्त्राण, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, जाड पादत्राणे आणि पायांवरील संरक्षक आवरण ही साधने म्हणूनच आवश्यक ठरतात.

प्रत्येक वेळी इजा होतेच असे नाही. फांदी डोक्याजवळून जाते, दोर तुटतो पण खाली कोणी नसते. ‘थोडक्यात वाचलो’ असे म्हणून काम पुढे सुरू होते. मोठ्या अपघाताच्या मागे इजा न झालेल्या अशा अनेक घटना दडलेल्या असतात, असा विचार अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये मांडला. त्यांनी दिलेले प्रमाण सर्वत्र लागू पडत नाही, अशी टीका पुढे झाली. तथापि, थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद ठेवण्याची पद्धत विमान वाहतुकीसह अनेक क्षेत्रांत रुजली. दोर कोठे तुटला आणि फांदी कोणत्या बाजूला उसळली, हे त्याच दिवशी टिपून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीच्या चमूला सावध करता येते. रोजंदारीवर आलेल्या कामगाराला मात्र काम गमावण्याच्या भीतीने हे सांगणे कठीण जाते. ही भीती दूर करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे.

झाडे मुळात का कोसळतात, हाही प्रश्न याच्याशी निगडित आहे. बुंध्यापर्यंत केलेले काँक्रिटीकरण, मुळांलगतचे खोदकाम आणि एकाच बाजूने केलेली छाटणी यांमुळे झाडाचा तोल बिघडतो. चेन्नईच्या के. के. नगर भागात जून २०२२ मध्ये मोटारीवर झाड कोसळून एका महिला बँक अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. मुंबईत चेंबूर येथे जुलै २०१७ मध्ये नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेला प्राण गमवावे लागले. कोकणात ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. तेथेही पडलेली झाडे दूर करण्याचे जोखमीचे काम प्रथम करावे लागले.

धोकादायक झाड आढळल्यास नागरिकांनी स्वतः करवत हाती न घेता स्थानिक प्रशासनाला कळवणे हिताचे ठरते. त्यासाठी चेन्नई महापालिकेचा १९१३, तर मुंबई महापालिकेचा १९१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. झाड तोडण्याचे काम सुरू असताना झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर थांबावे आणि कामगारांना घाई करू नये. रस्ता काही तास उशिरा खुला झाला तरी चालेल. परंतु तो मोकळा करणारा कामगार संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचणे अधिक महत्त्वाचे आहे.