दाब दिसतो, पण तेल पोहोचतं का?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाची चर्चा केली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण. आज हे उदाहरण आपण कारखान्यात नेऊ. तिथे वंगणतेलाबद्दल असंच एक अनुमान रोज केलं जातं, आणि ते चुकलं तर काही मिनिटांत मोठं नुकसान होतं.

पूर्वी बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. चाक कुरकुरू लागलं की गाडीवान उतरून कण्याला वंगण फाशी आणि पुढे निघे. कारखान्यांतही बराच काळ हीच रीत होती. तेलाची बुधली घेतलेला माणूस यंत्राभोवती फिरायचा, इथे चार थेंब, तिथे चार थेंब. घातलेलं तेल परत येत नसे. यंत्रं हळू चालत होती तोवर हे भागलं.

आता चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या वीजकेंद्रातलं टर्बाइन घ्या. मिनिटाला ३००० फेरे, आणि फिरणाऱ्या भागाचं वजन कित्येक टन. हे सगळं वजन ज्या बेअरिंगांवर पेललेलं असतं, त्यांना आतून बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूचं अस्तर असतं. फिरता शाफ्ट आणि हे अस्तर यांच्यामध्ये फक्त तेलाचा थर, जिथे सर्वांत पातळ असेल तिथे मिलिमीटरचे काही शतांश. तो तुटला की धातू धातूवर घासतो, अस्तर वितळतं, पुढचं सांगायला नको.

हा थर एवढं वजन पेलतो कसा? सहज सुचणारं उत्तर म्हणजे पंपाच्या जोरावर. ते बरोबर नाही, आणि हे कसं कळलं ती हकीकत मोठी रंजक आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर हे गृहस्थ तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. बेअरिंग वरून टेकवलेलं, आणि आस खालून तेलात बुडालेला. तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं, तर यंत्र सुरू होताच त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं! बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. मग तिथे दाबमापक बसवला. वजनाचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड होता, पण मापकाचा काटा २०० च्या वर गेला. पंप तर तिथे नव्हताच. पुढे १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. शाफ्ट फिरताना तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो. तेल पाचरीसारखं तिथे घुसतं, आणि दाब तयार होतो. म्हणजे शाफ्ट स्वतःच्या फिरण्यानेच स्वतःला उचलून धरतो. (थांबलेला शाफ्ट अर्थातच अस्तरावर टेकलेला असतो. म्हणून मोठ्या टर्बाइनला सुरुवातीला आणि मंद गतीत एक वेगळा, भारी दाबाचा पंप लागतो, पण तो अपवाद.)

मग नेहमीच्या पंपाचं काम काय? तेल आणून देणं आणि उष्णता घेऊन जाणं. बेअरिंगकडे येणाऱ्या नळीतला दाब बहुधा एक-दीड बार इतकाच असतो. थरातला दाब त्याच्या दहा-वीस पट, कधी त्याहूनही अधिक. थरात घुसळून तेल तापतं. साधारण ४५ अंशांवर आत गेलेलं तेल ६० ते ६५ अंशांवर बाहेर पडतं. हे तापलेलं तेल उताराच्या नळीतून आपल्या वजनाने टाकीत परत येतं. ही परतीची नळी मुद्दाम मोठी आणि अर्धी रिकामी ठेवतात, म्हणजे तेलाबरोबर आलेली हवा वरून निघून जाते. टाकीत तेलाला काही मिनिटं विसावा मिळावा लागतो. हवेचे बुडबुडे वर येतात, वाफेच्या बाजूने शिरलेलं पाणी खाली बसतं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसू लागलं, तर पाणी मुरलं असं समजावं. तिथून पंप, मग थंड करणारा कूलर, मग फिल्टर, आणि पुन्हा मुख्य नळी.

या मुख्य नळीतून प्रत्येक बेअरिंगला फाटा जातो. प्रत्येक फाट्यात ठरावीक मापाच्या भोकाची चकती असते, तीच वाटणी करते. वाटणी समसमान नसते. अ‍ॅरिस्टॉटल न्याय्य वाटपात प्रमाण पाहायला सांगतो. इथेही ज्या बेअरिंगची उष्णता जास्त, त्याला तेल जास्त. शाफ्टचा लांबीच्या दिशेचा रेटा झेलणारं बेअरिंग यात बरंच खाऊ असतं. दुरुस्तीच्या वेळी कुणी एखादी चकती मोठ्या भोकाची बसवली, तर त्याची झळ बाकीच्यांना लागू शकते, कारण नळी सामाईक आहे.

आता मुख्य मुद्दा. नियंत्रणकक्षात माणूस बसलेला असतो, मुख्य नळीच्या दाबमापकावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. काटा जागेवर आहे, म्हणून बेअरिंगला तेल मिळतंय, असं तो मानतो. धूर आहे म्हणून अग्नी आहे, तसंच. पण समजा एका फाट्याच्या चकतीत पुसायच्या चिंधीचा तुकडा अडकला. त्या बेअरिंगचं तेल बंद होईल, आणि मुख्य नळीतला दाब? कमी होणार नाही, उलट किंचित वाढेल. तेल गार असेल तेव्हाही हेच. त्याचा दाटपणा, ज्याला पाठ्यपुस्तकं विष्यंदिता म्हणतात, वाढलेला असतो. काटा वर जातो आणि तेल कमी वाहतं.

नैयायिकांनी हा घोटाळा नेमका ओळखला होता. धूर तिथे अग्नी, हे खरं. पण अग्नी तिथे धूर, हे खोटं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपणही लागतं, त्याला ते उपाधी म्हणतात. आपल्या यंत्रात तेलाचा प्रवाह हा धूर, आणि दाब हा अग्नी. तेल वाहतंय तर दाब असणारच. दाब आहे म्हणून तेल वाहतंय असं मात्र नाही, मध्ये वाट मोकळी असावी लागते. चिंधी अडकलेला फाटा हा आपला तापलेला गोळा.

पण याची दुसरी बाजू भक्कम आहे. अग्नी नाही तर धूर नाही, तसा दाब नाही तर तेल नाही. म्हणून दाब पडला की यंत्राने कुणाची वाट पाहायची नसते. राखीव पंप आपोआप सुरू होतो, आणखी पडला तर वाफ बंद केली जाते. वाफ बंद झाली तरी एवढा जड शाफ्ट लगेच थांबत नाही, अर्धा तास किंवा जास्त फिरत राहतो, आणि तेवढा वेळ त्याला तेल लागतंच. नेमकी वीजच गेली असेल तर? त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप असतो. त्याची चाचणी नेमाने झाली पाहिजे, इथे आम्ही हट्टी आहोत.

तेल पोहोचतं की नाही हे पाहायचं तर बेअरिंगच्या पलीकडे जावं लागतं. परतीच्या प्रत्येक नळीला काचेची खिडकी असते, तिथे धार दिसते. शिवाय अस्तरातच तापमापक बसवलेला असतो. एका साखर कारखान्यातले जुने ऑइलमन पाळीवर येताच आधी परतीच्या नळ्यांना हात लावत जात. गार लागली की थांबत, फार गरम लागली तरी थांबत. दाबमापकाकडे ते नंतर पाहत.

आणि वाट मोकळी आहे याची खात्री यंत्र सुरू करण्याआधीच करून घ्यायची असते. साखर कारखान्यातलं वीजनिर्मितीचं टर्बाइन दुरुस्तीसाठी उघडलं असेल, तर गळीत हंगामापूर्वी बेअरिंगांना वळसा देऊन गरम तेल नळ्यांतून जोरात फिरवतात. वाटेत बारीक जाळी लावतात. थोड्या थोड्या वेळाने ती काढून बघतात, वेल्डिंगचे कण, गंज, धागे जे काही निघेल ते पुसून पुन्हा लावतात, आणि जाळी स्वच्छ निघेपर्यंत बेअरिंगकडे तेल सोडत नाहीत.