वादळानंतरचा दीप

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून ज्या कोकणातून मॉरिशसला आले, त्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरनजीक, ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आदळले. १९६० चे 'कॅरोल' ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी सोसले, त्यांना अधिक वर्णन नको. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब उन्मळले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली.

एवढा विलंब का? वीज परतते ती क्रमाने: प्रथम उच्चदाब वाहिन्या व उपकेंद्रे, मग रोहित्रे, अखेर वाडीतील तारा. म्हणून उतारावरचे शेवटचे घर सर्वांत मागे राहते. आणि आपले आजे-पणजे बहुधा अशाच घरांतून निघाले असावेत! त्यातच कोरोनाचे संकट. तरीही परजिल्ह्यांतून आलेल्या महावितरणच्या कामगारांनी भर पावसात झाडे तोडीत नवे खांब उभारले.

येना नगर ज्या थुरिंगिया प्रांतात आहे, तेथेही १८ जानेवारी २००७ रोजी 'किरिल' वादळाने अरण्ये लोळविली. परंतु जर्मनीत वस्त्यांतील बहुतेक तारा भूमिगत आहेत. कोकणच्या जांभ्या खडकात असे चर खणणे खर्चाचे खरे. पण त्या शेवटच्या घरासाठी तो खर्च मला अधिक वाटत नाही.