गोवा फुटबॉल संघटना

गोव्यातील फुटबॉल खेळाचे संयोजन व नियमन करणारी शिखर संस्था. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, २२ डिसेंबर १९५९ रोजी, ती पोर्तुगीज नावाने स्थापन झाली. गोवामुक्तीनंतर (१९ डिसेंबर १९६१) ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची (स्थापना १९३७) घटक संस्था बनली. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. व लोकसंख्या १४,५८,५४५ (२०११) आहे. पालघर वेगळा झाल्यानंतरच्या (२०१४) ठाणे जिल्ह्याहूनही हा प्रदेश लहान आहे. लहान प्रदेशातील क्रीडासंघटनेला कोणते लाभ मिळतात व कोणत्या मर्यादा पडतात, हे या संस्थेच्या वाटचालीवरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : गोव्यात फुटबॉलचा प्रारंभ १८८३ मध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाते. विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने बार्देश तालुक्यातील शिवोली येथे हा खेळ शिकविला. पुढे चर्चच्या शाळांतून तो गावोगाव पसरला. भातकापणीनंतर मोकळी पडलेली शेते व चर्चसमोरील पटांगणे हीच त्याची पहिली क्रीडांगणे होत. १९५१ पासून साखळी सामने सुरू झाले. वास्को क्लब (१९५१) व साळगावकर क्लब (१९५६) हे संघ मुक्तिपूर्व काळातच उदयास आले. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी खेळांना आश्रय दिला. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा गोव्याबाहेरील नामांकित संघांनाही आकर्षित करीत असे.

रचना व कार्य : संलग्न क्लब हे संघटनेचे सभासद असून त्यांच्या प्रतिनिधींची सर्वसाधारण सभा कार्यकारी समितीची निवड करते. खेळाडूंची नोंदणी, क्लबांतरास मान्यता, श्रेणीवार साखळी सामने, वयोगटांच्या स्पर्धा, पंचांचे प्रशिक्षण व नेमणुका, शिस्तभंगाची चौकशी आणि राज्यसंघाची निवड ही तिची प्रमुख कामे होत. पावसाळ्यातील तीन-चार महिने बहुतेक मैदाने निरुपयोगी होत असल्याने सर्व श्रेणींचे सामने उरलेल्या काळात बसवावे लागतात. प्रत्येक सामन्यासाठी आखलेले मैदान, पंच व साहाय्यक पंच, प्रथमोपचार आणि आवश्यक तेथे पोलीस बंदोबस्त यांची तजवीज करावी लागते. संघटनेच्या खर्चाचा मोठा भाग अशा नित्याच्या बाबींवर होतो.

प्रदेश लहान असल्याने कोणताही संघ सामना खेळून त्याच दिवशी घरी परततो. प्रवास व निवास यांचा जो भार मोठ्या राज्यांतील संघटनांना पेलावा लागतो, तो येथे नगण्य ठरतो. होतकरू खेळाडू निवडसमितीच्या नजरेतून सहसा निसटत नाही. परंतु याच जवळिकीची दुसरी बाजूही आहे. ज्या क्लबांवर शिस्तभंगाची कारवाई करावयाची, त्यांच्याच मतांवर समिती निवडून येते. पंच, पदाधिकारी व क्लबचालक हे एकमेकांच्या परिचयाचे, पुष्कळदा एकाच गावचे असतात. त्यामुळे निःपक्षपातीपणा टिकविण्यासाठी लेखी नियम व त्यांची काटेकोर अंमलबजावणी यांना येथे मोठ्या राज्यांहून अधिक महत्त्व आहे. आंतरग्राम स्पर्धांचा प्रश्नही असाच नाजूक आहे. या स्पर्धांना प्रेक्षकांची गर्दी होते व रोख बक्षिसे मिळतात. मात्र नोंदणीकृत खेळाडूंनी त्यांत खेळावे की नाही, यावरून क्लब, खेळाडू व संघटना यांच्यात मतभेद होत आले आहेत.

आर्थिक आधार : तिकीटविक्री व वर्गणी यांवर व्यावसायिक संघ चालत नाही. गोव्यात ही उणीव प्रामुख्याने उद्योगघराण्यांनी भरून काढली. साळगावकर व धेंपे या खाण उद्योगातील घराण्यांच्या नावांनी क्लब उभे राहिले. चर्चिल ब्रदर्स (१९८८) हा क्लबही एका कुटुंबाच्या आश्रयाने वाढला. या आश्रयाचे फळ लक्षणीय होते. संतोष चषक गोव्याने १९८२–८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि १९८३–८४, १९८९–९०, २००५–०६ व २००८–०९ मध्ये स्वतंत्रपणे जिंकला. ब्रह्मानंद शंखवाळकर या गोमंतकीय गोलरक्षकाने भारतीय संघाचे नेतृत्व केले. १९८९ मध्ये मडगावजवळ फातोर्डा येथे स्टेडियम उभारले गेले. राष्ट्रीय साखळी स्पर्धेत २००६–०७ ते २०१२–१३ या सलग सात हंगामांत विजेतेपद धेंपे, चर्चिल ब्रदर्स व साळगावकर या गोव्याच्या तीन क्लबांकडेच राहिले.

दर्जाचा प्रश्न : गोव्याच्या संघटनेची तुलना कॅरिबियन समुद्रातील लहान बेटांच्या संघटनांशी करणे उद्‌बोधक ठरते. जागतिक फुटबॉल महासंघात (फिफा) २११ संघटना असून प्रत्येकीस एक मत आहे. माँटसेरात हे बेट ब्रिटनच्या आधिपत्याखाली आहे. १९९५ पासूनच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांत त्याची राजधानी प्लिमथ उद्ध्वस्त झाली आणि बहुसंख्य रहिवासी देशोधडीला लागले. तेथील लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास आहे; तरीही १९९६ पासून त्याची संघटना फिफाची सदस्य असून तिच्या मताचे मूल्य ब्राझीलच्या मताइतकेच आहे. ३० जून २००२ रोजी तिच्या संघाने थिंफू येथे भूतानविरुद्ध सामना खेळला व तो ०–४ असा गमावला. फिफाच्या विकासनिधीतून २०२३–२६ या चार वर्षांसाठी प्रत्येक सदस्य संघटनेस ८० लाख डॉलरपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. अशा बेटांवर पैशाचा मुख्य स्रोत बाहेरचा असतो. खेळाडू, मैदाने व प्रशिक्षक यांचीच वानवा असते. समान मताधिकारातून मतांच्या सौदेबाजीचा धोकाही संभवतो. २०११ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथील बैठकीत कॅरिबियन संघटनांच्या प्रतिनिधींना रोख रकमा देऊ केल्याच्या प्रकरणाची फिफाच्या नीतिसमितीने चौकशी केली.

गोव्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे खेळाडू, प्रेक्षक व परंपरा आहेत. परंतु भारतीय संघराज्यातील घटक राज्याची संघटना या नात्याने तिला आंतरराष्ट्रीय मत नाही आणि फिफाचा निधीही थेट मिळत नाही. तिचा आवाज राष्ट्रीय महासंघाच्या सभेतील एका मतापुरता मर्यादित आहे. कुरासाओ या नेदर्लंड्सच्या राज्यातील बेटाची लोकसंख्या सु. दीड लाख, म्हणजे गोव्याच्या सु. एक-दशांश आहे. नेदर्लंड्समध्ये जन्मलेल्या आपल्या वंशाच्या खेळाडूंना संघात घेऊन ते २०२६ च्या विश्वचषक स्पर्धेस पात्र ठरले. याउलट पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारणाऱ्या गोमंतकीयास भारतीय नागरिकत्व सोडावे लागते व परिणामी भारताच्या संघात त्याला स्थान मिळू शकत नाही.

या मर्यादेची तीव्रता २०१६ मध्ये दिसून आली. राष्ट्रीय महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीग स्पर्धेस दुय्यम श्रेणी देण्याचे प्रस्तावित झाले. त्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपे हे तीन क्लब त्या स्पर्धेतून बाहेर पडले. देशातील प्रमुख साखळीत गोव्याचे प्रतिनिधित्व मुख्यतः २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एफसी गोवा या संघाकडे आले. धेंपे क्लब २०२४–२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. निर्णय अन्यत्र घेतले जात असले, तरी त्यांचा परिणाम गावातील क्लब व तेथे खेळणारी मुले यांच्यापर्यंत पोहोचतो.

लहान प्रदेशातील संघटनेचे बळ तिच्या आकारमानावर अवलंबून नसते. नियमित साखळी, सुस्थितीतील मैदाने, प्रशिक्षित पंच व स्वच्छ हिशेब ही कामे कोणत्याही मताधिकाराविना करता येतात. ती सातत्याने होत राहिली, तर आश्रयदाते बदलले तरी खेळ टिकतो.