अचला आणि तिचे कंप

आपल्या पूर्वजांनी पृथ्वीला ‘अचला’ असे नाव दिले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगावी कोणी विहीर खणू लागला, तर माती व मुरूम संपताच पहारीला काळा कातळ लागतो. दख्खनच्या पठारावर दूरवर हाच कातळ पसरलेला आहे. असा पाया असता भूमी हलेल कशी, असेच लोकांना वाटे. शास्त्रज्ञही हे पठार स्थिर मानीत.

हा समज ढळला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी. त्या पहाटे कोयनानगर परिसर हादरला व सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असता, पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे क्षणार्धात उद्ध्वस्त झाली. सात हजारांहून अधिक लोक प्राणास मुकले.

कातळ का हलतो? भारताचा भूखंड अतिसंथ गतीने उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूभागाला रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण खोलवरच्या जुन्या भेगांवर साचत जातो. तो असह्य झाला, की कातळ एकाएकी सरकतो आणि भूमी कंप पावते.

किल्लारीचा भूकंप मापनश्रेणीवर ६.२ इतका होता. जगात ६ हून मोठे भूकंप दरवर्षी शंभराहून अधिक होतात. मग येथेच एवढा संहार का व्हावा? त्याचे कारण घरांच्या बांधणीत होते. भिंती जाड, परंतु दगड मातीत रचलेले; वर लाकडी तुळयांवर मातीचे धाबे. गळती थांबावी म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती घालीत, व भार वाढत जाई. धक्क्यासरशी भिंती फुटल्या आणि उन्हाळ्यात गारवा देणारे ते छप्परच निद्रिस्तांवर कोसळले.

जपानात ११ मार्च २०११ रोजी ९ मापाचा प्रचंड भूकंप झाला. तेथील बहुतेक मजबूत इमारती त्या धक्क्यात तगून राहिल्या. बळी गेले ते प्रामुख्याने त्यानंतर उसळलेल्या त्सुनामी नावाच्या सागरलाटांत.

किल्लारी परिसरातील गावे पुन्हा वसविताना भिंतींना सभोवार लोखंडी सळयांच्या काँक्रीटचे पट्टे घालण्यात आले. दख्खनमधील ज्या गावांत जुनी धाब्याची घरे अद्याप आहेत, तेथेही छपराची जादा माती उतरविणे व भिंती बांधून घेणे हिताचे आहे. भूकंपाची घटका आजही कोणास आधी सांगता येत नाही. भिंत पक्की करण्यास मात्र मुहूर्त पाहावा लागत नाही.