गोडाची ओढ आणि अर्धें पोट

चोरी करतांना सांपडलेल्या मनुष्याची अवस्था कशी होते, हें मृच्छकटिकांतील शर्विलकाचा प्रवेश शिकवितांना मीं विद्यार्थ्यांना अनेकदां समजावून दिलें आहे. तो अनुभव मला स्वतःला मात्र चौसष्टाव्या वर्षीं आला. स्थळ जळगांवांतील आमचें स्वयंपाकघर, वेळ रात्रीं अकरानंतरची, आणि मुद्देमाल म्हणजे दिवाळींतून उरलेला बेसनाचा लाडू. सारें घर निजलें होतें. डब्याचें झांकण आवाज न करतां उघडण्याची कला मला चांगली साधली होती. लाडू अर्धा झाला असेल नसेल, तोंच मागें पाऊल वाजलें. नऊ वर्षांची नात पाणी प्यावयास उठली होती. "आजोबा, तुमची साखर वाढली आहे ना?" एवढेंच ती म्हणाली, पाणी प्याली आणि परत जाऊन निजली. तिनें कोणाला सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर बरें झालें असतें, असें मला पुढें कित्येक दिवस वाटत राहिलें.

त्याच्या महिनाभर आधीं माझी रक्ततपासणी झाली होती. उपाशीपोटीं साखर ११८, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ६.३. ही दुसरी संख्या ५.७ च्या आंत असावी, ६.५ झाली कीं मधुमेह म्हणावयाचा. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतों आणि पाऊल आंत पडण्याच्या बेतांत होतें. आमच्या घरांत हा शब्द नवा नाहीं. थोरल्या बंधूंची दृष्टि याच व्याधीनें गेली. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम गेलीं सहा वर्षें माझ्याकडे आहे. तेव्हां भय होतें आणि ज्ञानही होतें. चरकसंहितेंत प्रमेहाचीं जीं कारणें सांगितलीं आहेत त्यांत बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ हीं येतात. माझ्या निवृत्तीनंतरच्या दिनचर्येचेंच हें वर्णन आहे, असें मी विनोदानें सांगतही असें. आणि तरी रात्रीं हात डब्यांत गेला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत मधुमेही सुमारें १० कोटि १० लक्ष, आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींहून अधिक. ज्या घरीं यांपैकीं कोणीच नाहीं असें एकत्र कुटुंब आतां विरळाच.

प्रथम मीं केलें तें सर्वच करतात. प्रतिज्ञा केली. चहा बिनसाखरेचा, पानावरचें गोड परत, आणि जोडीला रात्रीं अल्पाहार. एकवीस दिवस व्रत निर्वेध चाललें; बाविसाव्या रात्रीं काय झालें तें वर सांगितलेंच आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत असा आशय आहे कीं, आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांची गोडी मात्र मनांत उरते. हा श्लोक मीं तीस वर्षें शिकविला, त्यांतील 'रस' शब्दावर टीकाकारांचीं मतें सांगितलीं. अर्थ मात्र लाडवानें शिकविला. धुळ्याचा आणि गीतेचा संबंध जुना आहे. १९३२ सालीं तेथील तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. माझा हा श्लोकही सुटला तो धुळ्यासच, फक्त स्वयंपाकघरांत.

माझी थोरली बहीण धुळ्यास राहते. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवीपर्यंत, दांत बहुतेक शाबूत. पौषांत चार दिवस तिच्याकडे गेलों होतों. आक्कानें उपदेश केला नाहीं. दोन दिवस मी काय खातों आणि केव्हां खातों तें नुसतें पाहिलें, घरची दिनचर्या विचारून घेतली, आणि तिसऱ्या दिवशीं भाकर थापतां थापतां म्हणाली, "तुला गोड नको आहे रे. तुला भूक लागलेली असते."

मला राग आला. दिवसांतून पांच वेळां तोंड हालविणाऱ्या मनुष्याला भुकेला म्हणणें हा अपमानच. पण तिनें हिशेब मांडला. सकाळीं सहाला चहा व दोन बिस्किटें. नवाला पोहे, त्यांत शेंगदाणे नांवापुरते. साडेबाराला पोळ्या, बटाट्याची भाजी, भात. वरण पळीभर आणि तेंही पातळ. चारला चहा व खारी. मग रात्रीं नऊपर्यंत कांहीं नाहीं, कारण मुलें कामावरून उशिरां येतात आणि सर्वांनीं एका पंक्तीस बसावें ही आमच्या घरची रीत. नवाला व्रत म्हणून एकच पोळी. "मग अकराला लाडू नाहीं आठवणार तर काय रामरक्षा आठवणार?" आक्का म्हणाली.

तिचें म्हणणें आजच्या शरीरशास्त्रास धरून आहे. साखर, मैदा, पोहे, पांढरा भात हे पदार्थ लवकर पचतात. रक्तांतील साखर झपाट्यानें चढते आणि इन्सुलिन तिला खालीं आणतें. कित्येकांत ती दोन-तीन तासांनीं मूळ पातळीच्याही खालीं घसरते. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, ज्यांची साखर अशी घसरते त्यांना भूक लवकर लागते आणि पुढील खाणेंही अधिक होतें. अशा वेळीं मन मुळ्याची कोशिंबीर मागत नाहीं. तें ज्यानें त्वरित दिलासा मिळतो तेंच मागतें. ज्याला आपण जिभेचें चोचले म्हणतों त्यांतील बराच भाग अशा रीतीनें पोटाचा असतो. सगळा नव्हे. संवय आहे, कंटाळा आहे, अपुरी झोंपही आहे. परंतु पोटाचा भाग आधीं मिटविला तर उरलेल्याशीं झगडणें सोपें जातें.

आक्काच्या घरीं त्या चार दिवसांत मीं जें खाल्लें तें आमच्या आजीच्या हातचें अन्न होतें. कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारींत सालासकट काळे उडीद व थोडें मीठ घालून दळलेल्या पिठाची. आक्का चार भाग दादर ज्वारीस एक भाग उडीद घालते. तिच्याबरोबर काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचें, बडगींत ठेचलेलें भरीत. दुसऱ्या दिवशीं फुनके: तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटावी, मिरची, कोथिंबीर व आवडत असल्यास लसूण घालून लांबट मुटके वळावेत आणि वाफवावेत, वरून कच्चें तेल, शेजारीं कढी. आमच्यासारख्या घरांतून हें अन्न केव्हां गेलें तें मला नेमकें आठवत नाहीं. मला वाटतें, भाकर शेतकऱ्याची आणि पोळी-भात सुशिक्षिताचा, असा एक खुळा मान त्याच्या मुळाशीं होता. भाकरीनें साखर वाढतच नाहीं असा एक समज अलीकडे पसरला आहे, तोही खुळाच. ज्वारींतही पिष्ट आहेच. गुण आहे तो उडदांतील प्रथिनांचा, सालीचा, भरताच्या चोथ्याचा, आणि ती भाकर सावकाश चावावी लागते याचा.

१९९५ सालीं सिडनी विद्यापीठांत सुझाना होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३८ पदार्थांची तृप्तीच्या दृष्टीनें परीक्षा घेतली होती. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरी भरेल एवढाच द्यावयाचा आणि पुढील दोन तास खाणाऱ्याचें पोट किती भरलेलें राहतें तें विचारावयाचें. पांढऱ्या पावास १०० गुण धरले, तेव्हां केकला ६५ मिळाले, मसुरास १३३, सफरचंदास १९७, ओटच्या लापशीस २०९, आणि सर्वांत वर उकडलेला बटाटा, ३२३. (बटाट्यानें पोट भरतें तशी साखरही चढते, हें मात्र मधुमेह्यानें विसरूं नये.) शेंगदाण्यास अवघे ८४! हा आंकडा मीं जरा विजयानेंच आक्काला वाचून दाखविला, कारण चारच्या चहाला खारीऐवजीं शेंगदाणे घे असें तिनें बजावलें होतें. ती म्हणाली, "नुसत्या मूठभर शेंगदाण्यांनीं पोट भरतें असें मीं कधीं म्हटलें? अर्धी मूठ शेंगदाणे, मूठभर फुटाणे, आणि वर पेलाभर ताक." मी गप्प बसलों. होल्टबाईंच्या परीक्षेंतही हेंच दिसलें होतें कीं, पाणी, चोथा आणि प्रथिनें ज्यांत अधिक ते पदार्थ पोट धरून ठेवतात, आणि स्निग्धांश अधिक असलेले कॅलरीच्या मानानें कमी.

आतां केळ्याविषयीं, कारण जळगांवचा वाचक हें विचारल्यावांचून राहणार नाहीं. आमच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा अभिमान मलाही आहे. त्याच परीक्षेंत केळ्यास ११८ गुण आहेत, म्हणजे पावाहून बरें, सफरचंदाहून पुष्कळच खालीं. कच्च्या केळ्यांतील पिष्ट पिकतांना साखरेंत रूपांतर पावतें, म्हणून काळे ठिपके पडलेलें केळें अधिक गोड. माझा नियम असा: एक लहान, पिंवळें पण ठिपके न आलेलें केळें, जेवणाच्या शेवटीं. शिकरण बंद. कच्च्या केळ्यांची भाजी हवी तेव्हां. हिंवाळ्यांत मेहरूणचीं बोरें असतातच; बी संभाळीत खावीं लागत असल्यानें हात आपोआप मंद चालतो.

गूळ, मध आणि खजूर यांच्या नांवाखालीं पुष्कळांची आत्मवंचना चालते. गुळांत बहुतांश साखरच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें ज्या साखरा मर्यादित ठेवाव्या असें २०१५ सालीं सांगितलें त्यांत मधही मोडतो. ती मर्यादा शक्य तर दिवसास २५ ग्रॅम, म्हणजे सुमारें सहा चमचे. मी व्रतापूर्वीं चार कप चहा घेत असें, प्रत्येकीं दोन चमचे. म्हणजे आठ चमचे होऊन गेल्यावर मी लाडवाचा विचार करीत होतों! कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयीं त्याच संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें कीं, वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं त्यांवर विसंबूं नये. उपवासाच्या दिवशीं साबूदाण्याच्या खिचडीऐवजीं भगर आणि शेंगदाण्याची आमटी आम्हीं सुरू केली. एकादशीला दुपारीं तीन वाजतां होणारा माझा चिडचिडाट कमी झाला, अशी घरच्यांची साक्ष आहे.

परत आल्यावर खरी अडचण आली ती जेवणाच्या वेळेची. मीं साडेसातला जेवावयाचें ठरविलें तेव्हां मुलांना वाईट वाटलें, आणि सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, दोन पंक्ती वाढायच्या कोणीं?" प्रश्न रास्त होता. एकत्र कुटुंबांत पथ्य हें एका मनुष्याचें म्हणून सांगितलें जातें आणि त्याचा भार दोन-तीन स्त्रियांवर पडतो; मग महिन्याभरांत तें बंद पडतें व दोष रोग्याच्या मनोनिग्रहाला जातो. मार्ग थोरल्या सूनबाईंनीं काढला. त्या म्हणाल्या, "बाबा, तुमच्यासाठीं वेगळें कांहीं करायचें नाहीं. कळण्याचें पीठ सर्वांसाठींच दळून आणूं." आतां स्वयंपाक सातलाच एकदां होतो. मुलें, वडील माणसें व ज्यांना शक्य असेल ते साडेसातला बसतात. उशिरां येणारे आपलें पान आपण वाढून घेतात व ताट आपण विसळतात. एका पंक्तीचा मान रविवारच्या दुपारीं राखला जातो. वरण दाट झालें आहे व जेवणास आरंभ त्यानेंच आणि भाजीनें होतो, भात शेवटीं. लाडवाचा डबा फडताळांतून गेलेला नाहीं. तो वरच्या फळीवर आहे, आणि स्टूल घेतल्यावांचून माझा हात पोंचत नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं डाळी व शेंगदाणे वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यास एकाएकीं घाम, थरथर, घेरी आली तर ती गोडाची ओढ नव्हे. रक्तांतील साखर उतरल्याचें तें चिन्ह असूं शकतें, व तेव्हां साखर लागलीच द्यावयाची असते. बंधूंच्या खिशांत साखरेची पुडी नेहमीं असते, ती याचसाठीं.

चैत्रांत पुन्हां तपासणी झाली. एचबीएवनसी ६.० आली. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे, असेंच चालूं द्या," आणि तीन महिन्यांनीं पुन्हां बोलाविलें. चारच्या सुमारास मन अजूनही कधीं कधीं डब्याकडे जातें. फुटाणे खाल्ल्यावर बहुधा परत येतें. आखाजीला घरीं खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला. आधीं भाजी, कढी आणि डाळ पोटभर घेऊन मग मीं एक पोळी खाल्ली, पंक्तींत बसून, सर्वांच्या देखत. नात वाढावयास आली होती. तिनें माझ्या पानाकडे पाहिलें आणि आणखी अर्धी वाढूं का म्हणून विचारलें. मीं नको म्हटलें. पोटांत खरोखरच जागा नव्हती.